स्कायरिम पहिल्यांदा खेळायलात? मग सुरुवात अशी करा

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याबी होस्टेलवर जा, एखाद्या तरी पोराकडं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप असतोच, आणि शूटर खेळून खेळून कंटाळा आला की प्रश्न येतो, दादा तलवार-जादूवाला मोठा गेम सांगा ना, ज्यात नुसतं फिरता येईल. मी दरवेळी एकच नाव सांगतो, द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह: स्कायरिम. बेथेस्डाचा गेम, ११ नोव्हेंबर २०११ ला आला, म्हणजे आता जुनाच झाला, तरी लोक अजून खेळायलेत. पण सांगितल्यावर आठवड्याभरात निम्मी पोरं परत येतात आणि म्हणतात, लई बोअर आहे, मारामारी फालतू आहे, स्टोरी काही कळंना. आणि ते खोटं बोलत नाहीत. मारामारी खरंच साधी आहे, मेन स्टोरी खरंच मध्यम आहे.

गोष्ट अशी आहे की या गेमची ताकद सगळी फिरण्यात आहे, रस्ता सोडून डोंगराकडं वळण्यात आहे, आणि नवीन माणूस नेमका उलट्या बाजूनं शिरतो, बाण दाखवेल तिकडं पळत मेन क्वेस्ट, म्हणजे मुख्य कामगिरी, उरकत बसतो. तसं खेळलं तर गेमच्या सगळ्या कमजोर जागा एकामागं एक लागतात आणि भारी जागा बाजूलाच राहतात. म्हणून हा लेख. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, कशाकडं लक्ष द्यायचं नाही, हे सगळं क्रमानं सांगतो.

१) घ्यायची कोणती आणि चालंल कशावर

स्पेशल एडिशन घ्या, २०१६ ची. जुनी २०११ ची ३२-बिट होती, जास्त मेमरी लागली की बंद पडायची, स्पेशल एडिशन ६४-बिट आहे त्यामुळं तो त्रास बराच कमी झाला. आणि डॉनगार्ड, हार्थफायर, ड्रॅगनबॉर्न हे तिन्ही जोडभाग तिच्यात आधीच आहेत, वेगळे पैसे नाहीत. २०२१ ला आलेली अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन म्हणजे हाच गेम वर क्रिएशन क्लबचा, म्हणजे बेथेस्डाच्या जादा सामान-क्वेस्टच्या दुकानाचा, ढीगभर माल. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सुरुवातीलाच जर्नलमध्ये इतक्या क्वेस्ट येऊन पडतात की मूळ गेम कोणता आणि चिकटवलेला कोणता तेच कळत नाही, आणि भारी भारी हत्यारं लवकर हाती लागून मजा जाते. नंतर वाटलं तर अपग्रेड करता येतं. स्टीमवर सेल लागला की किंमत चांगली उतरते, तोवर दम धरा, गेम कुठं पळून जात नाही.

जागा १२ जीबी लागते, रॅम कमीत कमी ८ जीबी. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर रेझोल्यूशन ७२० वर आणि सेटिंग लो वर ठेवून बऱ्याच जणांचं भागतं, सावल्या आणि लांबचं गवत कमी केलं की सगळ्यात जास्त फरक पडतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करत असाल तर एका दमात करायची गरज नाही, स्टीममध्ये थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू होतं. एकदा उतरलं की नेट लागत नाही, स्टीम ऑफलाइन मोडवर टाका आणि गावाकडं नेऊन शेतातल्या खोलीत बसून खेळा.

आता ज्यांच्याकडं नवीन गेमिंग लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी लई महत्त्वाचं. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ६० वर बांधून टाका. या गेममध्ये वस्तूंची हालचाल फ्रेमरेटला बांधलेली आहे, ६० च्या वर गेलं की टेबलावरची भांडी आपोआप उडतात आणि सुरुवातीचा बैलगाडीसारखा जो घोडागाडीचा सीन आहे ती गाडीच कोलांट्या मारायला लागते, मग लोक म्हणतात गेम खराब आला. सेटिंगमधलं व्हीसिंक (फ्रेमरेट स्क्रीनशी जुळवणारी सोय) चालू ठेवा आणि स्क्रीन ६० हर्ट्झवर ठेवा, नाहीतर ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनलमधून ६० ची मर्यादा घाला. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी खेळायचं असेल तर ही मर्यादा तशीबी फायद्याची आहे, मशीन कमी तापतं.

सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल पहिले चालू करा. गेममध्ये बोलणं भरपूर आहे आणि सगळं इंग्रजीत आहे, उच्चारबी वेगवेगळे. वाचत वाचत ऐकलं की दोन-तीन दिवसांत कान बसतो.

२) कॅरेक्टर बनवताना तासभर घालवू नका

दहा रेस, म्हणजे वंश, आहेत. नॉर्ड, इंपीरियल, ब्रेटन, रेडगार्ड, तीन प्रकारचे एल्फ, ऑर्क, मांजरासारखा खाजीत आणि सरड्यासारखा आर्गोनियन. लोक इथंच अडकतात, कोणता बेस्ट, कोणता बेस्ट. कोणताबी घ्या, कारण कोणतीबी रेस काहीबी शिकू शकते, फरक फक्त सुरुवातीच्या थोड्या बढतीचा आणि एका-दोन खास गुणांचा. नॉर्डला थंडीचा मार निम्माच लागतो आणि या देशात बर्फच बर्फ आहे. ब्रेटनवर जादूचा मार २५ टक्के कमी बसतो, ते शेवटपर्यंत कामाला येतं. ऑर्कला दिवसातून एकदा एक मिनिट असा आवेश चढतो की मार निम्मा बसतो आणि आपला मार दुप्पट लागतो, नवीन माणसाला अडचणीत हे फार उपयोगी. मला विचाराल तर पहिल्या वेळी नॉर्ड किंवा ऑर्क. नाक-डोळे नंतर रिफ्टन शहरात पैसे देऊन बदलता येतात, रेस मात्र बदलत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

३) हेल्गेन ते रिव्हरवूड

सुरुवातीला मान कापायला नेतात आणि ड्रॅगन येतो, इतकं तर सगळ्यांना माहीत असतं. तिथं साम्राज्याचा सैनिक हॅडव्हारच्या मागं जायचं का बंडखोर रॅलोफच्या, यावर पुढचं काही अडून राहत नाही, सैन्य कोणतं निवडायचं ते नंतर ठरवता येतं. किल्ल्याच्या आत जे मिळंल ते सगळं उचलू नका. तुमची वजन उचलायची ताकद सुरुवातीला ३०० आहे आणि ती ओलांडली की माणूस पळतच नाही, मुंगीच्या चालीनं चालतो. नवीन खेळाडू बादल्या, झाडू, वाट्या, सगळं गोळा करतो. नियम सोपा ठेवा, वजन कमी आणि किंमत जास्त तेच घ्या. अंगठ्या, माळा, औषधाच्या बाटल्या, कुलपं उघडायच्या काड्या, जादूची पुस्तकं. लोखंडी चिलखत विकून काय मिळणार.

हे करताना बटणं हाताला लावून घ्या. कंट्रोल दाबून लपत चालणं, आल्ट दाबून पळणं, क्यू दाबलं की आवडत्या वस्तूंची यादी, टी दाबून थांबणं आणि जखम भरू देणं. माऊसचं बटण दाबून धरलं तर जोराचा वार होतो, हे पुष्कळांना लई उशिरा कळतं.

गुहेतून बाहेर आलात की रिव्हरवूडच्या रस्त्यावर तीन उभे दगड लागतात, योद्धा, जादूगार, चोर. ज्याला हात लावाल त्या प्रकारची कौशल्यं २० टक्के लवकर वाढतात. एकावेळी एकच चालतो, पण मन बदललं तर परत येऊन दुसऱ्याला हात लावता येतो, त्यामुळं तिथं विचार करत उभं राहू नका.

रिव्हरवूडमध्ये घाई करू नका. लोहारासोबत काम करून बघा, तो लोखंड, चामडं, धार लावणं सगळं हातात सामान देऊन शिकवतो. फेंडाल नावाचा एल्फ आहे, त्याची एक छोटी प्रेमाची भानगड सोडवली तर तो सोबत यायला तयार होतो, आणि तो तिरंदाजी शिकवतोबी. पैसे देऊन शिका आणि मग सोबती म्हणून त्याच्या पिशवीतून तेच पैसे परत काढून घ्या, गेम अडवत नाही. आणि गावातल्या कोंबडीला हात लावू नका, एक कोंबडी मारली की अख्खं गाव तलवारी काढून अंगावर येतं.

४) ब्लीक फॉल्स बॅरो, पहिली खरी परीक्षा

दुकानदार लुकनचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय, तो आणायला डोंगरावरच्या थडग्यात जायचं. ही गेममधली सगळ्यात नीट बनवलेली शिकवणी आहे आणि ती शिकवणी आहे हे कळूबी देत नाही, म्हणून ही घाईत उरकू नका. वर चढताना मागं वळून दरी बघा, मग आत जा.

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी ज्यांनी बघितलीय त्यांना आत गेल्या गेल्या ओळख पटंल, शत्रू आत यावा, त्याला काही दिसू नये आणि पावलापावलावर त्याचा घात व्हावा, त्याच डोक्यानं ही थडगी बांधलीत. एक ओढायचा दांडा आहे, त्याच्या बाजूला फिरणारे तीन खांब, त्यांच्यावर प्राण्यांची चित्रं. दांडा आधी ओढणारा बाण खातो. आजूबाजूच्या भिंतींवर बघा, उत्तर समोरच दिलंय, त्यातलं एक चित्र खाली पडलंय इतकंच. पुढं जाळ्यात अडकलेला एक चोर, मोठा कोळी, झुलती पाती, आणि मग भिंतीतून उठणारे ड्रॉगर, म्हणजे जुन्या योद्ध्यांची हलती मढी. त्यांच्यावर बर्फाची जादू फार चालत नाही, सुरुवातीला मिळालेली आगीची जादू वापरा, आणि जमिनीवर तेल सांडलेलं दिसलं तर त्यांना त्यात येऊ द्या आणि मग पेटवा.

शेवटी एक गोल दरवाजा येतो, तीन कड्या फिरवायच्या आणि मधे पंजा बसवायचा. इथं निम्मी पोरं मोबाईल काढून उत्तर शोधतात. शोधू नका. पिशवी उघडा, पंजा निवडा, झूम करा आणि तो हातात फिरवून त्याचा तळवा बघा. बस. मला या गेमबद्दल एवढं प्रेम का आहे ते या एका जागेवरून सांगता येतं. पिशवीतली वस्तू ही नुसती यादीतली ओळ राहत नाही, ती उलटीपालटी करून बघावी लागते, आणि ते सांगायला कोणी बाण दाखवत नाही.

५) आता मेन क्वेस्ट थांबवा

पंजा परत द्या, व्हाइटरन शहरात जा, यार्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, भेटा, तो पश्चिमेच्या बुरुजावर पाठवील तिथला ड्रॅगन मारा. यार्ल लिडिया नावाची अंगरक्षक देतो, सामान उचलायला आणि मार खायला चांगली आहे, फक्त दारात उभी राहून वाट अडवते, तिला जरा ढकलत जायला शिका.

हा पहिला ड्रॅगन पडल्यावरच जगात बाकीचे ड्रॅगन फिरायला लागतात. म्हणून कोणाला शांतपणे फिरायचं असेल तर त्यानं बुरुजावर जायच्या आधीच थांबलं तरी चालतं. पण ओरडून शत्रूला उडवायची ती जी प्रसिद्ध ताकद आहे ती हवी असेल तर ड्रॅगनचा आत्मा लागतो, आणि ती ताकद फिरताना मजा आणते, त्यामुळं माझा सल्ला, ड्रॅगन मारा, ग्रेबियर्ड साधूंकडं सात हजार पायऱ्या चढून एकदा जाऊन या, वाटेत एक बर्फातला ट्रोल लागतो त्याच्यावर आग वापरा, आणि वरून आलात की मेन क्वेस्ट जर्नलमध्ये बंद करून ठेवा. गेम म्हणत राहील जग संपायलंय. जग संपत नाही. ड्रॅगनांचा राजा तुमची वाट बघत वर्षानुवर्षं बसायला तयार आहे.

मग करायचं काय? चालायचं. फास्ट ट्रॅव्हल नावाची सोय आहे, नकाशावर टिचकी मारली की त्या जागी पोचता, पण पहिले पंधरा-वीस तास ती वापरू नका. लांब जायचं असेल तर शहराबाहेर घोडागाडीवाला असतो, थोड्या पैशात सोडतो, तिथून पुढं पायी. वरच्या पट्टीवर काळे चिन्ह दिसतात, म्हणजे जवळपास काहीतरी आहे, तिकडं वळा. गेममधला एक दिवस खऱ्या ७२ मिनिटांत संपतो, त्यामुळं एका बैठकीत सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीचं रंगीत आभाळ सगळं बघून होतं.

एक जागा सांगतो, बाकीच्या तुम्ही शोधा. डॉनस्टार आणि विंटरहोल्ड यांच्या मधे उत्तरेच्या किनाऱ्यावर एक दीपगृह आहे, फ्रॉस्टफ्लो. तिथं जा असं कोणी मुद्दाम पाठवत नाही, बर्फातून चालता चालता ते दिसतं. बाहेर घोडा मरून पडलाय. आत चूल, जेवायचं टेबल, आणि जमिनीवर एक बाई. घरात डायऱ्या पडलेल्या आहेत, नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, पोरांच्याबी. त्या वाचत गेलात की एक साधं कुटुंब तिथं राहायला कसं आलं, कोणाला तिथं करमत नव्हतं, तळघरातून कसले आवाज यायला लागले, हे सगळं एकेका पानातून कळत जातं, आणि मग तळघराची किल्ली हाती येते. खाली काय आहे ते सांगत नाही, पण दहा-पंधरा लेव्हल झाल्याशिवाय उतरू नका, विष उतरवायची औषधं सोबत ठेवा. सगळं संपल्यावर नवऱ्याची एक शेवटची इच्छा राहिलेली असते, डायरी नीट वाचणाऱ्यालाच ती कळते. ती पूर्ण केली तर गेम गुपचूप एक बक्षीस देतो, बरं करायची जादू कायमची १० टक्के जास्त चालते. पूर्ण नाही केली तर कोणी विचारतबी नाही.

हे असं लिहिणं ज्यांनी केलं त्यांनीच मेन स्टोरी लिहिली यावर विश्वास बसत नाही इतका फरक आहे. आणि अशा जागा या नकाशावर पसरलेल्या आहेत. सापळ्यातल्या हाडकाच्या शेजारी चिठ्ठी, नदीत बुडालेली नाव, एकट्या म्हाताऱ्याची झोपडी. जमिनीखाली ब्लॅकरीच नावाचा अख्खा प्रदेश आहे, झाडांएवढ्या चमकणाऱ्या अळंब्या, जुन्या ड्वार्फ लोकांची ओस पडलेली नगरी, आणि गुणगुणणारी लाल रोपटी. मेन स्टोरी तुम्हाला तिथं कधीतरी नेतेच, पण तिथं पोचल्यावर बाणाच्या मागं पळून सरळ बाहेर पडू नका, दोन-तीन तास हाताशी ठेवूनच उतरा.

फिरताना दोन गोष्टींपासून लांब राहा. मॅमथ चरताना दिसले की तिथं राक्षसी उंचीचे जायंट असतात, ते स्वतःहून त्रास देत नाहीत, पण जवळ गेलात तर एका टोल्यात आभाळात पाठवतात. दुसरं, व्हॅम्पायरशी लढल्यावर अंगावर रोग आलाय का ते जादूच्या यादीत खाली बघत जा. तीन दिवसांच्या आत देवळातल्या वेदीला हात लावला की जातो, नंतर मात्र लई मोठं लफडं होतं.

६) लेव्हल वाढवताना

या गेममध्ये जे कराल तेच वाढतं. तलवार चालवली की तलवार, लपून फिरलं की लपणं. एकूण १८ कौशल्यं आहेत आणि सगळ्यांची वाढ मिळून तुमची लेव्हल ठरते. प्रत्येक लेव्हलला जीव, जादू किंवा दम यातलं एक १० नं वाढवायचं आणि एक पर्क, म्हणजे एखाद्या कौशल्यातली खास बढती, घ्यायचा.

यात एक खोड आहे, ती समजून घ्या. शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणं भारी होत जातात. मग कोणीतरी व्हिडिओ बघून एका जागी बसून शेकडो सुऱ्या बनवतो, लोहारकाम वाढतं, लेव्हल वाढते, पण लढायची कौशल्यं तिथंच, आणि बाहेर पडला की साधा डाकू त्याला लोळवतो. तसं करू नका. एक हत्यार, एक प्रकारचं चिलखत आणि एखादं जोडकाम, एवढंच धरा. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, जड चिलखत, सोबत लोहारकाम, हे नवीन माणसाला सगळ्यात भरवशाचं. ढालीनं वार अडवून शत्रूला मागं ढकलायला शिकलात तर मारामारीत थोडा तरी जीव येतो. कुलूप उघडण्यात पर्क घालू नका, काड्या भरपूर मिळतात, हातानंच जमतं.

सगळे लोक शेवटी लपून बाण मारणारे होतात हे खरं आहे, कारण लपून मारलेला बाण दुप्पट लागतो आणि पर्क घेतला की तिप्पट. सोपं पडतं, पण मग प्रत्येक गुहा सारखीच जाते, अंधारात बसा, बाण सोडा, थांबा. कंटाळा यायला लागला की धनुष्य पेटीत टाका. आगीच्या जादूवर भर देणाऱ्यांनाबी सांगतो, कौशल्य वाढलं तरी जादूचा मार वाढत नाही, फक्त पर्कनं वाढतो, त्यामुळं पुढं पुढं तो कमी पडायला लागतो. सुरुवातीला मात्र मस्त वाटतं.

पैशाची चणचण असेल तर औषधं बनवा. व्हाइटरनच्या वेशीबाहेर शेतात गहू उभा आहे, रस्त्याच्या कडेला निळी फुलं आहेत, दोन्ही एकत्र केलं की जीव वाढवणारं औषध होतं, स्वतःला वापरा, उरलेलं विका. नवीन पाला-फूल सापडलं की एक खाऊन बघायचं, त्याचा पहिला गुण कळतो. आणि कोबी, लीक, बटाटा, टोमॅटो टाकून भाजीचं सूप चुलीवर करता येतं, लोक त्याच्याकडं बघतबी नाहीत, पण ते प्यायलं की १२ मिनिटं दम आणि जीव हळूहळू भरत राहतात, त्यामुळं जोराचे वार थांबत नाहीत. बाटल्या संपवण्यापेक्षा सूप ठेवा.

७) कुठं कुठं हा गेम कमी पडतो

हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे तिथं वेळ जात नाही आणि मन खट्टू होत नाही.

पहिली गोष्ट मारामारी. वाराला वजन नाही, शत्रू मार खाताना फार काही हलत नाही, समोरासमोर उभं राहून एकमेकांची पट्टी कमी करत बसायचं. डिफिकल्टी वाढवून हे सुधारत नाही, उलट बिघडतं, कारण डिफिकल्टी फक्त आकडे बदलते. सगळ्यात वरच्या लेजंडरीवर तुमचा मार पाव होतो आणि तुम्हाला बसणारा तिप्पट, शत्रूचं डोकं तेवढंच. म्हणून अ‍ॅडेप्टवर, म्हणजे मधल्या पातळीवर, खेळा, जड गेलं तर एक खाली या, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी, मंडळांच्या कथा. कंपॅनियन्स, विंटरहोल्डचं जादूचं कॉलेज, चोरांची टोळी, खुन्यांची टोळी, अशा चार मोठ्या कथा आहेत. त्यात कॉलेजची सगळ्यात कच्ची. जादूच्या कॉलेजचा प्रमुख होता येतं आणि तोवर धड चार मंत्र आले नाहीत तरी कोणाला फरक पडत नाही. माझ्या मनाला हे फार लागतं, कारण जागा इतकी सुंदर बनवलीय, बर्फाच्या कड्यावरचा तुटका पूल, आणि कथा मात्र घाईत गुंडाळली. चोरांची आणि खुन्यांची कथा चांगली आहे, त्या आधी घ्या. यादवी युद्धाची क्वेस्ट कागदावर लई मोठी वाटते, प्रत्यक्षात मोजक्या सैनिकांच्या चकमकी आणि नंतर गावात पहारेकऱ्याचे कपडे बदलतात, त्यापलीकडं जगात फारसं काही हलत नाही. कोणती बाजू घेतली याचं ओझं खेळाडूला वाटायला पाहिजे होतं, ते होत नाही.

तिसरी, कधी न संपणारी कामं. काही लोक एक काम झालं की तशाच शब्दात दुसरं देतात, अमक्या गुहेत जा, अमका मार, अमकी वस्तू आण. ही मशीननं बनवलेली कामं आहेत, हजार केली तरी पुढचं तयार. एखाद्यानं दुसऱ्यांदा तसंच काम दिलं की ओळखा आणि सोडून द्या. यादी रिकामी करायची सवय असलेल्या लोकांना हा गेम इथंच खाऊन टाकतो.

आवाजांचंबी सांगतो. माणसं शेकडो, बोलणारे कलाकार मोजके, त्यामुळं पाच गावांतल्या पाच दुकानदारांचा आवाज एकच आणि पहारेकऱ्यांची वाक्यं तीच तीच. थडगीसुद्धा पुढं पुढं एकसारखी वाटतात. लागोपाठ तीन थडगी करू नका, मधे एखादी ड्वार्फांची नगरी, एखादं शहर, एखादी नुसती भटकंती ठेवा.

८) बग आणि सेव्ह

बग आहेत, २०११ पासून आहेत आणि काही अजून तसेच आहेत. विंडहेल्म शहरातली ब्लड ऑन द आइस नावाची खुनाच्या तपासाची क्वेस्ट तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे, ती अर्ध्यात अडकू शकते. उपाय एकच, ऑटोसेव्हच्या भरवशावर राहायचं नाही. एफ-५ नं पटकन सेव्ह होतं पण ते एकाच जागेवर लिहिलं जातं, म्हणून दर अर्ध्या तासाला मेनूत जाऊन वेगळा नवीन सेव्ह करा आणि मागचे पाच-सहा राहू द्या. क्वेस्ट घ्यायच्या आधी एक, शहरात शिरायच्या आधी एक. आपल्याकडं लाईटीचा नेम नाही, लॅपटॉपची बॅटरी जुनी असंल तर हे आणखी महत्त्वाचं. दगडात अडकलात, बाहेर येता येईना, तर पीसीवर एस्केपच्या खालचं बटण दाबून टीसीएल असं इंग्रजीत टाइप करा, भिंतीतून चालता येतं, बाहेर आलात की परत तेच टाइप करून बंद करा.

दहा लेव्हलच्या पुढं रात्री गावात व्हॅम्पायर येतात, ड्रॅगन तर कधीबी येतो, आणि त्यात दुकानदार, लोहार कायमचे मरू शकतात. ओळखीच्या गावात असं झालं आणि तुम्हाला ते सहन होत नसेल तर मागचा सेव्ह उघडा. मी उघडतो.

९) मॉड लावायचे का

मॉड म्हणजे खेळाडूंनीच बनवलेले गेममधले बदल. पहिल्यांदा खेळताना कमीत कमी. नेक्सस मॉड्स या साइटवर मॉडचा समुद्र आहे आणि पोरं गेम सुरू करायच्या आधीच शंभर मॉड टाकून बसतात, मग गेम चालूच होत नाही. दोनच लावा. एक अनऑफिशियल पॅच, लोकांनी वर्षानुवर्षं खपून त्यात बेसुमार बग दुरुस्त केलेत. दुसरा स्काययूआय, कारण मूळ मेनू कंट्रोलरसाठी बनवलाय आणि कीबोर्ड-माऊसवर पिशवीत वस्तू शोधणं म्हणजे डोकेदुखी आहे, स्काययूआयनं वजन-किंमत एका ओळीत दिसतं आणि काय फेकायचं ते लगेच कळतं. त्याला स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाचा एक जोड-प्रोग्राम लागतो आणि तो गेमच्या नेमक्या व्हर्जनवरच चालतो, गेम अपडेट झाला की बंद पडतो. त्यामुळं मॉडच्या पानावर कोणतं व्हर्जन लिहिलंय ते नीट वाचून मगच उतरवा, आणि स्टीममध्ये हा गेम सुरू करतानाच अपडेट व्हावा अशी सेटिंग ठेवा, मग स्क्रिप्ट एक्स्टेंडरमधून थेट सुरू करत राहिलात की आपोआप बदल होत नाही.

मधेच एखादा मॉड काढून टाकू नका, सेव्हमध्ये त्याचे धागे अडकलेले असतात आणि मग गेम कुठंबी कोसळतो. काढायचाच असेल तर नवीन खेळ सुरू करताना काढा. आणि मॉड टाकायच्या आधी डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात सेव्हज नावाचं फोल्डर आहे, ते तेवढं पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.